मराठी प्रवासवृत्तांतील समुद्र : एक चिकित्सा

परदेशगमनाविषयीं मराठींत जें वाङ्मय आहे त्याचे दोन भाग वाहनानें पाडलेले आहेत. पहिल्या भागांतील लेखक बोटीनें जातात, दुसऱ्या भागांतील विमानानें. ता. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनकडे निघालें. तेथें या दोन भागांमधील शीव धरण्यास हरकत नाहीं. उतारूंच्या बोटी त्यानंतरहि सुमारें वीस वर्षें चालल्या. पण सुएझचा कालवा १९६७ पासून १९७५ पर्यंत बंद राहिला आणि त्या अवधींत बोटीनें विलायतेस जाण्याची चाल जवळजवळ मोडली. ही शीव ओलांडली कीं पुस्तकांतून एक अख्खें प्रकरण नाहींसें होतें. पूर्वीच्या लेखकास मुंबई सुटल्यापासून परका किनारा दिसेपर्यंत समुद्राविषयीं कांहीं तरी लिहावेंच लागे. पुढच्या लेखकास रात्रीं विमानांत बसलों व सकाळीं उतरलों, एवढें एक वाक्य पुरतें.

विमान वाईट व बोट चांगली, असा वाद येथें मांडावयाचा नाहीं. ज्यास तातडीनें जावयाचें आहे त्यानें उडून जावें. प्रश्न आहे तो कागदांचा. समुद्राचें जें प्रकरण आपणांपाशीं शिल्लक आहे तें पुस्तकाचा सर्वांत टाकाऊ भाग समजण्याची रूढी पडली आहे. उतारे निवडणाऱ्याची कात्री बोट बंदरास लागेपर्यंत थांबत नाहीं. चरित्रकार 'अमुक सालीं विलायतेस गेले' असें म्हणून पुढें सरकतो. आणि संग्राहकास बोटीवरचें पत्र म्हणजे पोटांत ढवळलें व जेवण रुचलें नाहीं एवढाच मजकूर वाटतो. माझें मत याच्या उलट आहे. पुरावा म्हणून या पानांचा दर्जा सबंध पुस्तकांत सर्वांत वरचा आहे, आणि त्यांची कसोशीनें चिकित्सा न झाल्यामुळें कांहीं ढोबळ चुका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत.

दर्जा वरचा कां, तें सांगतों. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथील वर्णनांत लेखकाच्या डोळ्यांइतकाच मार्गदर्शक-पुस्तकांचा हात असतो. इमारतीची उंची, संग्रहालयांतील वस्तूंची संख्या, पुलाचा खर्च हीं सर्व उसनवारीची सामग्री. समुद्रावर उसनें घेण्यासारखें फार थोडें. तेथें लेखकाजवळ रिकामा वेळ आणि कोरा कागद असतो. रोज दुपारीं बारा वाजतां बोटीचें स्थान व मागील चोवीस तासांत कापलेले मैल फलकावर लागतात. आणि एडन, सुएझ, पोर्ट सय्यद अशा ठराविक बंदरीं टपाल उतरतें, म्हणून पत्र त्यापूर्वीं पुरें करणें भाग पडतें. अर्थात् पाहणें आणि लिहिणें यांत चार दिवसांचेंहि अंतर राहत नाहीं. आपल्या बखरींविषयीं आपली मुख्य तक्रार तरी काय आहे? प्रसंग घडला केव्हां आणि लिहिला केव्हां, याचा मेळ बसत नाहीं. येथें तो मेळ आयता बसलेला असतो.

आतां चुकांकडे वळूं, आणि सर्वांत प्रसिद्ध कथेपासून आरंभ करूं. राघोबादादांनीं १७८१ च्या सुमारास लंडनला वकील पाठविले. ते समुद्र ओलांडून गेले म्हणून परत येतांच वाळींत पडले. आणि अखेर सोन्याच्या योनींतून बाहेर काढून त्यांस शुद्ध करून घेण्यांत आलें. ही कथा समुद्रयाननिषेधाचा नमुना म्हणून शेंकडों ठिकाणीं छापलेली आहे. वकिलात खरी आहे. हणमंतराव नांवाचा ब्राह्मण व मण्यार रतनजी हा पारशी असे लंडनास गेले, आणि एडमंड बर्क यानें बीकन्सफील्ड येथें त्यांस आश्रय देऊन हणमंतरावाच्या सोंवळ्याच्या स्वयंपाकासाठीं आपलें झाडें जतन करण्याचें कांचेचें घर मोकळें करून दिलें. प्रायश्चित्ताची हकीकत मात्र फ्रान्सिस विल्फर्ड याच्या १७९९ च्या 'एशियाटिक रिसर्चेस'मधील लेखावरून पसरली आहे, आणि ती मूळांत वाचणारे थोडे.

मूळांत काय आहे? विल्फर्ड सांगतो कीं, वकील सुएझपर्यंत जलमार्गानें गेले व परत येतांना इराणमार्गें, म्हणजे सिंधु उतरून आले. त्यांच्यावर आक्षेप आले ते दोन : म्लेंच्छांच्या मुलुखांत राहून आचार पाळणें शक्य नाहीं हा एक, आणि अटक ओलांडली हा दुसरा. समुद्र हा त्या हकीकतींत मार्गाचा तपशील म्हणून येतो, आरोप म्हणून येत नाहीं. पुढील लेखकांनीं अटकेच्या जागीं अब्धि घातला आणि तोच पाठ रूढ झाला. हस्तलिखितांच्या जगांत याला आपण क्षेपक म्हणतों. छापील ग्रंथांतून झाला म्हणून त्याला वेगळें नांव देण्याचें कारण नाहीं.

शिवाय हा साक्षीदार कसा आहे तेंहि पाहावें. तो दोन ब्राह्मण म्हणतो. बर्ककडील कागदांत ब्राह्मणाबरोबर पारशी दिसतो. तो प्रसंगानंतर सुमारें अठरा वर्षांनीं लिहितो. आणि याच विल्फर्डला त्याच्या पदरच्या पंडितानें बनावट पुराणवचनें रचून देऊन वर्षानुवर्षें फसविलें होतें. ती फसवणूक त्यानें स्वतःच १८०५ च्या आठव्या खंडांत जाहीर केली. म्हणून सर्वच हकीकत खोटी म्हणावी असें नाहीं. सुवर्णगर्भांतून पुनर्जन्म घेण्याची कल्पना मत्स्यपुराणांतील हिरण्यगर्भ-महादानांत आहे व त्रावणकोरच्या राजांनीं तो विधि केलेला आहे, तेव्हां विधीचें स्वरूप असंभाव्य नाहीं. प्रायश्चित्त झालें असेल. तें समुद्रासाठीं झालें, हें मात्र या साक्षीवरून सिद्ध होत नाहीं.

धर्मशास्त्राकडून पाहिल्यास हा संशय अधिक बळावतो. बौधायनानें समुद्रसंयान हा उत्तरेकडील लोकांचा विशेष आचार म्हणून सांगितला, आणि पुढें तेंच कर्म पतनीयांतहि घातलें. मनूनें समुद्रयायी मनुष्यास श्राद्धाच्या पंक्तीला अपात्र ठरविलें. परंतु कलिवर्ज्यांतील नियम याहून कडक आहे : नावेनें समुद्र उतरलेल्या द्विजानें प्रायश्चित्त घेतलें तरीहि कलियुगांत त्याचा संग्रह करूं नये. या सर्व वचनांची चर्चा म. म. पां. वा. काणे यांच्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या ग्रंथाच्या १९४६ सालच्या तिसऱ्या खंडांत जिज्ञासूंस सांपडेल. आतां हा कडक नियम वकिलांस लावला असता तर शुद्धीचा प्रश्नच उरला नसता. ज्या सभेनें त्यांस शुद्ध करून घेतलें तिनें एक तर हा नियम बाजूस ठेवला, किंवा तिच्यापुढें समुद्राचा प्रश्न आलाच नव्हता. विल्फर्डचा मूळ मजकूर दुसऱ्या पक्षास अनुकूल आहे.

जातां जातां एक शंका संस्कृत शिकलेल्या वाचकांपुढें ठेवतों. संकल्पांत कर्त्यानें आपला देश आणि काल उच्चारावयाचा असतो, आणि आपण महाराष्ट्रीय तो गोदावरीच्या तीरानें सांगतों. कोणत्याहि नदीच्या कोणत्याहि तीरीं नसलेल्या मनुष्यानें काय म्हणावें? बोटीवर नित्य संध्या चालविणारे गृहस्थ होते. त्यांनीं ही अडचण कशी सोडविली याचा उल्लेख एखाद्या जुन्या पत्रांत मिळाल्यास तो निबंधकारांच्या दहा पानांहून मोलाचा ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत समुद्रावर लिहिणाऱ्यांत पंडिता रमाबाईंस मी पहिलें स्थान देतों. १८८३ सालीं त्या आपल्या लहान मुलीसह विलायतेस गेल्या, आणि त्या प्रवासाचें वृत्त त्यांनीं सदाशिव पांडुरंग केळकर यांस पत्ररूपानें लिहिलें. तें 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून त्याच वर्षीं छापलें गेलें. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा त्यांचा मोठा ग्रंथ १८८९ चा. त्याचें पहिलेंच प्रकरण लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया या प्रवासाचें आहे, आणि काळ १८८६ चा फेब्रुवारी, म्हणजे हिवाळ्यांतला अटलांटिक. ग्रंथाचा विषय लोकस्थिति. तरी लेखिकेनें आरंभ समुद्रानें केला. लोकस्थितीवर लिहिणारे तिचा ग्रंथ दुसऱ्या प्रकरणापासून वाचतात. पहिल्यांत लेखिका कोणाचीहि पाहुणी नाहीं, कोणाच्या संस्थेचें कौतुक तिनें करावें अशी कोणाची अपेक्षा नाहीं; तिची नजर किती बारीक आहे याचें माप तेथेंच घ्यावें, आणि मग पुढील प्रकरणांतील स्तुतिनिंदा त्या मापानें तोलावी.

रमाबाईंच्या परतीच्या मार्गांत कालगणनेची एक गोम आहे. १८८८ च्या अखेरीस त्या सॅन फ्रॅन्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडून जपानमार्गें निघाल्या व १८८९ च्या आरंभीं मुंबईस पोंचल्या. अमेरिकेहून पश्चिमेकडे जाणाऱ्या बोटीवर एकशें ऐंशीव्या रेखांशाशीं एक तारीख व एक वार गाळावा लागतो. म्हणून या मार्गानें आलेल्या कोणाच्याहि रोजनिशींत एक दिवस कमी दिसला तर पान हरवलें असें समजूं नये. आणि एकहि दिवस कमी न दिसला तर ती रोजनिशी मागाहून घरीं बसून जुळविली असावी असा संशय अवश्य घ्यावा. शक, तिथि व वार यांचा मेळ घालण्यांत आयुष्य घालविलेल्या आपल्या मंडळींस ही कसोटी अपरिचित वाटूं नये. आपल्या अधिक-क्षय मासांचीच ती धाकटी बहीण आहे.

आनंदीबाई जोशी यांचे कागद निराळ्या कारणासाठीं नाजूक आहेत. ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या पतीवांचून, अमेरिकन मिशनरी स्त्रियांच्या सोबतीनें, कलकत्त्याहून निघाल्या, आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. हे अठ्ठावन्न दिवस होतात. अठरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यांत अठ्ठावन्न दिवस ही थोडी मुदत नव्हे; तेवढ्यांत तिचें खाणें, नेसणें, बोलण्याची भाषा व एकटेपण या सर्वांची परीक्षा होऊन गेली, आणि ती फिलाडेल्फियाच्या विद्यालयाचें दार दिसण्यापूर्वीं. काशीबाई कानिटकर यांनीं १८८९ सालीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें व त्यांत पत्रें दिलीं, हे काशीबाईंचे मोठे उपकार. परंतु श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ सालीं आली, आणि तेव्हांपासून सामान्य वाचकाच्या मनांत पत्रांची जागा कादंबरीनें घेतली. कादंबरी चांगली आहे. पण कादंबरीतला संवाद ऐतिहासिक लेखांत आधारास आलेला दिसतो तेव्हां तो कोठून आला हें विचारण्याचा हक्क आपण सोडूं नये. परतीचा प्रवास तर आणखी दुर्लक्षित आहे. १६ नोव्हेंबर १८८६ रोजीं आनंदीबाई मुंबईस उतरल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्या तीन महिन्यांविषयीं सर्वांनीं लिहिलें आहे. क्षयानें खंगलेली ही स्त्री त्याच्या आधीं समुद्रावर कशी होती, हें पाहण्यास मात्र चरित्रकार थांबत नाहींत.

आतां एकाच बोटीचीं दोन वृत्तें पाहूं. पी. अँड ओ. कंपनीची 'पर्शिया' ही डाकबोट. विठ्ठल रामजी शिंदे तिच्यावर ता. २१ सप्टेंबर १९०१ रोजीं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्माध्ययन करण्यासाठीं मुंबईहून चढले. विनायक दामोदर सावरकर ९ जून १९०६ रोजीं बॅरिस्टर होण्यासाठीं चढले. (मलबार प्रिन्सेस उडालें तें या दुसऱ्या तारखेस बेचाळीस वर्षें पुरीं होण्याच्या आदल्या दिवशीं.) दोन्ही तारखा ताडून पाहिल्या, दोन्ही शनिवार आहेत. विलायतेची डाक मुंबईहून त्या काळीं शनिवारीं सुटत असे, तेव्हां तारखा विश्वसनीय ठरतात. बोट एक, कंपनी एक, मार्ग तोच. वृत्तांचा दर्जा मात्र वेगळा. शिंद्यांचीं प्रवासपत्रें 'सुबोधपत्रिके'साठीं त्या त्या वेळीं लिहिलेलीं. सावरकरांचें 'शत्रूच्या शिबिरात' १९६५ चें, म्हणजे मध्यें एकोणसाठ वर्षें. घरच्या ओढीनें वाटेंतूनच परत फिरूं पाहणारा हरनामसिंग आणि त्याला धीर देणारे सावरकर हा प्रसंग त्यांत मोठा परिणामकारक आहे. वाचतांना अंगावर रोमांच येतात हें मी मोकळेपणानें सांगतों. पण तो ज्या शब्दांत येतो ते शब्द ऐंशीच्या घरांतील ग्रंथकाराचे आहेत, तेवीस वर्षांच्या उतारूचे नव्हत. दोन्ही वृत्तें संग्राह्य. एकाच पंक्तींत मात्र बसवूं नयेत. ही 'पर्शिया' ३० डिसेंबर १९१५ रोजीं क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीच्या तडाख्यानें बुडाली व तिच्याबरोबर तीनशेंहून अधिक माणसें गेलीं.

त्या युद्धानें समुद्रांत आणखी एक गोष्ट बुडविली, ती आपल्या विषयास अधिक जवळची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ सालीं लंडनहून परतले तेव्हां त्यांनीं जमविलेले ग्रंथ निराळ्या बोटीनें रवाना केले होते. ती बोट पाणबुडीनें बुडविली. मी देहूरोडास राहतों. येथील विहारांत ब्रह्मदेशांतून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांच्याच हस्तें २५ डिसेंबर १९५४ रोजीं झाली, आणि दरवर्षीं त्या दिवशीं लोटणारी गर्दी मी दारांतून पाहतों. पलीकडच्या किनाऱ्याहून आलेल्या एका मूर्तीचा दिवस सर्वांच्या तोंडीं आहे; इकडच्या किनाऱ्यास कधींच न पोंचलेल्या त्या पेट्यांचें नांव कोणी काढीत नाहीं. हस्तलिखितें जमविणाऱ्यांस त्या पेट्यांचें मोल सांगावयास नको.

देहूरोड हें छावणीचें गांव असल्यामुळें आणखी एक उणीव येथें सतत डोळ्यांपुढें राहते. वर ज्यांचीं नांवें आलीं ते सर्व पेन चालविणारे. समुद्र ओलांडणाऱ्या मराठी माणसांत त्यांची संख्या मुठीएवढी. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत करारानें नेलेले कोंकणी शेतकरी, आणि पहिल्या महायुद्धांत मुंबईहून बसऱ्यास नेलेल्या मराठा पलटणी यांनीं तोच समुद्र पाहिला. पुणें डिव्हिजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १०३ वी व ११० वी मराठा पलटण कूतच्या वेढ्यांत सांपडली. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत पडलें. या शिपायांस कोणत्या भटजीनें कोणतें प्रायश्चित्त सांगितलें? समुद्रयानाच्या वादावर ज्यांनीं ग्रंथ लिहिले त्यांना हा प्रश्न सुचला नाहीं, कारण तो वाद द्विजांचा होता. फ्रान्सांत लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे टपाल-तपासनिसांनीं केलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत; पण उतारा म्हणजे पत्र नव्हे, आणि भाषांतर म्हणजे मराठी नव्हे. मूळ कागद राहिले असतील तर ते सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या जिल्ह्यांतील घरांच्या माळ्यांवर, पत्र्याच्या ट्रंकांत.

अशा ट्रंकांचें काय होतें तें सांगतों. येथील बाजारांत रद्दीच्या एका दुकानीं मला बोटीवरून धाडलेल्या पत्रांचें एक पुडकें मिळालें. चौदा पाकिटें होतीं, आणि प्रत्येकाचा वरचा कोपरा कात्रीनें कापून घेतलेला होता. तिकिटें जमविणाऱ्या कोणा गृहस्थानें आपला माल उचलून बाकीचें विकून टाकलें होतें. तिकिटाबरोबर टपालाचा शिक्का गेला, शिक्क्याबरोबर बंदर व तारीख गेली, आणि आंतल्या पत्रावर लिहिणारानें वारापलीकडे कांहीं लिहिलें नव्हतें, कारण पाकिटावर तारीख उमटणारच होती. हें केवळ अज्ञानानें होतें असेंहि नाहीं; तिकिटास बाजारांत दर आहे, बोटीवरच्या मराठी मजकुरास नाहीं. निदान आपल्या वर्तुळांतील तिकीटसंग्राहकांनीं तरी कात्री खालीं ठेवावी, आणि पाकीट सबंध राखावें.

ज्यांच्या संग्रहीं अशीं पत्रें आहेत त्यांस दोन-तीन सूचना करतों. पाकीट व पत्र यांची ताटातूट करूं नये. बोटीचें नांव, चढण्याचें बंदर, व दुपारच्या फलकावरून उतरून घेतलेले मैल हे तीन तपशील जेथें असतील तेथें प्रथम नोंदवावे; मैल असल्यास मुंबई ते एडन सुमारें साडेसोळाशें सागरी मैल धरून दिवस मोजतां येतो. छापावयाचें झाल्यास ओकारी, चहा, सहप्रवाशांची कुरकुर यांपैकीं कांहींहि गाळूं नये. मजजवळील चौदांपैकीं अकरा पत्रांचा क्रम मैलांवरून लागला आहे. राहिलेल्या तिहींत बोटीचें नांव नाहीं. एकांत मात्र तांबड्या समुद्रांतील उकाड्यामुळें सर्व उतारू गाद्या घेऊन डेकवर निजल्याचें व पहांटे खलाशांनीं पाणी मारून त्यांस उठविल्याचें वर्णन आहे. अशीच पहांट दुसऱ्या कोणाच्या पत्रांत बोटीच्या नांवासह आली असेल तर त्यानें कळवावें. तीं दोन पत्रें शेजारीं ठेवून पाहतां येतील.